नवा रोल चढवला की तिसऱ्या फेऱ्याला फिल्म तुटते : रॅपिंग मशीनवर फिल्म नेमकी ओवायची कशी?

कुपवाड_लाईन२
टर्नटेबलचं मशीन आहे, म्हणजे माल ठेवलेलं टेबल फिरतं आणि फिल्मचा रोल धरणारी कॅरेज वर-खाली जाते. कॅरेजमध्ये मोटरवर चालणारं प्री-स्ट्रेच (फिल्म मालावर जायच्या आधीच ताणणारे दोन रबरी रोलर), प्लेटवर २५० टक्के लिहिलंय. फिल्म ५०० मिमी रुंद, २३ मायक्रॉन, कोअर (रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी) ७६ मिमी. माल बेदाण्याची खोकी, पॅलेट १२०० बाय १०००, माल साधारण १२०० मिमी उंच.

जुना रोल संपेपर्यंत काही तक्रार नसते. नवा चढवला की दोन-तीन फेऱ्यांत फिल्म तुटते, नाहीतर रबराच्या रोलरलाच गुंडाळून बसते. मग ब्लेडने कापून काढा, पुन्हा ओवा. कॅरेजवरचं ओवण्याच्या आकृतीचं स्टिकर कधीच निघून गेलंय आणि तीन शिफ्टमध्ये तीन पद्धती चालू आहेत. फिल्मवाला म्हणतो मशीन बिघडलंय, मशीनवाला म्हणतो फिल्म हलकी आहे. टेन्शन कमी केलं तर माल सैल पडतो.

नेमका मार्ग कोणता, चिकट बाजू आत की बाहेर, आणि फिल्म खोटी असेल तर ते इथल्या इथे कसं ओळखायचं, एवढं सांगा.

रोलर_मास्तर
सगळ्यात आधी ते ब्लेड बंद करा. निम्मा रोग तिथे आहे. रबरावर ब्लेडची एक रेघ उमटली की पुढच्या वेळी फिल्म बरोबर त्याच रेघेत अडकते, तिथूनच गुंडाळायला लागते, तुम्ही पुन्हा कापता, दुसरी रेघ पडते. रोलरला गुंडाळलेली फिल्म काढायची तर मेन स्विच बंद करा, सुटं टोक शोधा आणि रोलर हाताने उलटा फिरवत सोडवत जा. टोक सापडत नसेल तर रोलरच्या अगदी कडेला, जिथे रबर संपून लोखंड दिसतं तिथे, बोटाने फिल्म गोळा करून फाडा. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी चालेल. पातं नको.

आता चढवणं. क्रमाने सांगतो.

कॅरेज खाली, रोल चढवायच्या जागी आणा. रोल १५-१६ किलोचा असतो, तो छातीपर्यंत उचलून दांड्यात घालायला गेलं की हमखास कड आपटते. मग मेन स्विच बंद करून कुलूप लावा. नुसत्या इमर्जन्सी बटणावर विसंबून दोन रोलरमध्ये बोटं घालायची नाहीत. हातमोजा सैल असेल तर तोही काढा, ओढला जातो.

जुना कोअर काढा. दांड्यावर आणि खालच्या बशीवर कागदाचा भुसा, फिल्मचे तुकडे असतात, ते पुसा. बशीवर तुकडा राहिला तर रोल तिरका बसतो आणि फिल्म रोलरवर एका बाजूला चढत जाते. रोल कोअरला धरून उचला, कडांना धरून नाही. दांड्यावर घालून पार खाली टेकवा, वरचं टोपण लावा. रोल हाताने फिरवून बघा. मोकळा भिरभिरता कामा नये आणि जोर लावावा लागेल इतका घट्टही नको. दांड्याचा ब्रेक फार सैल असेल तर टेबल थांबलं तरी रोल फिरत राहतो, फिल्मचा झोळ पडतो, आणि तो झोळच पुढच्या क्षणी रोलरला गुंडाळतो.

आता ओवणं. वरचे चार-पाच वेढे काढून टाका, त्यांना प्रवासात मार लागलेला असतो. टोक पिळून दोरीसारखं करा, म्हणजे मार्गातून सहज जातं. वरून पाहिलं तर मार्ग असा: रोल, मग बारीक मोकळा रोलर, मग पहिला रबरी रोलर, त्याला वळसा घालून दुसऱ्या रबरी रोलरच्या उलट बाजूने (इथे इंग्रजी एस अक्षराचा आकार होतो), मग मोकळा रोलर, मग डान्सर (पुढे-मागे हलून ताण सांभाळणारा रोलर), मग बाहेर. तुमच्या कॅरेजला दार असेल तर दार उघडल्यावर एक रबरी रोलर दाराबरोबर बाहेर येतो. मग सरळ ओढून दार लावलं की एस आपोआप होतो. डान्सर सोडून फिल्म सरळ बाहेर काढणं ही रात्रपाळीची आवडती चूक आहे.

ओवून झाल्यावर पिळलेली फिल्म पूर्ण पाचशेची रुंदी होईपर्यंत हाताने ओढा. दोरी तशीच ठेवून मशीन चालू केलंत तर पहिल्याच कोपऱ्याला तुटणार.

कुपवाड_लाईन२
दार आहे, पण कुलपाची पट्टी झिजलीय, दार थोडं उघडं राहतं. आणि पहिला रोलर हळू की दुसरा, हे कसं ओळखायचं?

रोलर_मास्तर
पट्टी आधी बदला. दार अर्धवट असलं की फिल्मचा रबराला पुरता वळसा बसत नाही, ती घसरते. कधी ताणते, कधी नाही.

हळू रोलर कायम रोलच्या बाजूचा, वेगवान रोलर पॅलेटच्या बाजूचा. गिअर किंवा चेनचं झाकण काढून पाहिलंत तर मोठं दातेरी चाक हळू रोलरला असतं. दोन्ही रोलर सारख्याच व्यासाचे असतील तर २५० टक्क्यांसाठी हळूचा एक फेरा, तेवढ्यात वेगवानचे साडेतीन. खडूची खूण करा, झाकण लावा, हात लांब ठेवून जॉगवर (बटण दाबलं तेवढंच, हळू चालवून) मोजा. उलट ओवली गेली तर पहिला रोलर जास्त फिल्म सोडतो आणि दुसरा कमी घेतो, मधे ढीग साचतो आणि गुंडाळतो. तुमचं लक्षण तेच वाटतंय.

अजिंक्यतारा
सातारा एमआयडीसीतून. चिकट बाजू आतच हवी. बाहेर आली तर शेपूट, म्हणजे फिल्मचं शेवटचं टोक, चिकटत नाही आणि ट्रकमध्ये सगळं उलगडतं. आमच्याकडे म्हणून रोलवर बाण मारलेले असतात.

मिरज_मेकॅनिकल
अजिंक्यतारा, आत हवी हे बरोबर, पण कारण वेगळं आहे. एका बाजूने चिकट फिल्ममध्ये एका थराची चिकट बाजू शेजारच्या थराच्या गुळगुळीत बाजूलाच टेकते, मग चिकट बाजू आत असो की बाहेर. थर एकमेकांना दोन्ही प्रकारे धरतात. शेपूट सुटते ती बहुतेक धुळीने, नाहीतर शेवटचा तुकडा हाताने दाबलाच नाही म्हणून. चिकट बाजू बाहेर गेली तर वेगळा त्रास. बाहेरच्या थरावर धूळ बसते, ट्रकमध्ये शेजारची दोन पॅलेट एकमेकांना चिकटतात, आणि हँड पॅलेटने एक ओढलं की दोन्हींची फिल्म फाटते.

रोल उलटा, म्हणजे खालचं टोक वर करून चढवला तर काय होतं, हे एकदा कागदाच्या सुरळीवर करून बघा. फिल्म रोलच्या दुसऱ्या अंगाने सुटायला लागते. रोलमध्ये चिकट बाजू आतच राहते, पण पॅलेटकडे तोंड करणारी बाजू बदलते. शिवाय पहिल्या रबरी रोलरवर ती चुकीच्या बाजूने येते, ओवणाऱ्याला मार्ग जुळत नाही म्हणून तो रोल आणि पहिल्या रबरी रोलरमधला मोकळा रोलर वगळतो. एका चुकीतून तीन.

चिकट बाजू ओळखायला तुकडा कापून दोन्ही बाजू स्टीलच्या पत्र्यावर दाबा. जी धरते ती. एकदा ओळखली की कोअरच्या वरच्या तोंडावर मार्करने ‘वर’ लिहून ठेवा. त्या पुरवठादाराचे पुढचे रोल शक्यतो तसेच येतील, तरी प्रत्येक नव्या गाडीला एक रोल तपासायचा.

हळदीबाजार
धुळीवर कुणी सविस्तर बोलत नाही म्हणून लिहितो. हळदीच्या पॉलिशजवळ मशीन असेल तर रबराचे रोलर आठवड्यात पिवळे पडतात. ती पिवळी साय म्हणजे बारीक पूड आणि फिल्ममधलं चिकट द्रव्य यांचं मिश्रण. कोरडं फडकं मारलं की ती नुसती पसरते. आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती फडक्यावर घ्या, थेट रोलरवर ओतू नका, मेन बंद ठेवा, आसपास वेल्डिंग वा ग्राइंडिंग चालू नको कारण ते पेट घेतं. थिनर, पेट्रोल, डिझेल अजिबात नाही, त्याने रबर फुगतं, नाहीतर पुढे कडक होऊन तडकतं. पुसल्यावर रबर बोटाला किंचित धरून ठेवलं पाहिजे. गुळगुळीत काचेसारखं लागत असेल तर तो रोलर पुन्हा रबर चढवायला पाठवायच्या लायकीचा झालाय.

उघडा रोल मशीनवर रात्रभर ठेवत असाल तर वर पिशवी घाला. रोलच्या कडा चिकट असतात, रात्रभरात पूड तिथे बसते आणि सकाळी पहिली दहा पॅलेट त्या पुडीतच गुंडाळली जातात.

कुपवाड_लाईन२
पिशवीचं लगेच करतो. पण फिल्म तुटते ती नेमकी कुठे तुटली यावरून काही कळतं का? आमच्याकडे दोन्ही होतं, कधी कॅरेजच्या आत, कधी बाहेर पॅलेटच्या कोपऱ्यावर.

रोलर_मास्तर
कळतं, आणि हीच नोंद कुणी ठेवत नाही. दोन रबरी रोलरच्या मधे तुटली तर फिल्म, कड, किंवा रोलरची सफाई. कॅरेज आणि पॅलेट यांच्यात तुटली तर टेन्शन, डान्सर, किंवा पॅलेटचा खिळा-कोपरा. पहिल्याच अर्ध्या फेऱ्यात तुटली तर टेबल झटक्याने सुरू होतंय, हळू सुरुवातीची वेळ वाढवा.

तुटलेल्या टोकाचा आकारही पाहा. कडेपासून आडवी चेन उघडावी तशी फाटली असेल तर कडेला खाच होती. मधे भोक पडून तिथून फाटली असेल तर फिल्ममध्ये न वितळलेल्या प्लॅस्टिकचा दाणा असतो, त्याला जेल म्हणतात, किंवा रोलला बाहेरून काहीतरी टोचलंय. फिल्म उजेडात धरा, दाणे माशाच्या डोळ्यासारखे दिसतात.

डान्सर हाताने ढकलून सोडा. झटकन परत आला पाहिजे. टेबल फिरताना आयताकृती पॅलेटला दर पाव फेऱ्याला फिल्म कमी-जास्त लागते, कोपरा पुढे येताना जास्त, सपाट बाजूला कमी. तो फरक डान्सर भरून काढतो. डान्सर जड चालत असेल तर कोपऱ्यावर फिल्म तडतडते आणि सपाट बाजूला लोंबते. मग ऑपरेटर टेन्शन कमी करतो, आणि तुमच्यासारखी माल सैल पडण्याची तक्रार येते.

मिरज_मेकॅनिकल
कडेच्या खाचेबद्दल एक हिशेब. नवा रोल काँक्रीटवर आडवा ठेवला, खडा टोचला, कडेला बाहेरून आत दोन मिलिमीटरची खाच पडली. दिसायला क्षुल्लक. पण २३ मायक्रॉनचे थर धरले तर दोन मिलिमीटरमध्ये ८५ हून जास्त थर येतात. १५ किलोच्या रोलचा व्यास सव्वादोनशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एक वेढा सुमारे ७० सेंटिमीटर. ती एक खाच पार होईपर्यंत साधारण ६० मीटर फिल्म गेली, सहाशे ग्रॅमच्या वर. आणि तेवढ्या वेढ्यांत दर ७० सेंटिमीटरला तुटायची एक जागा. सोलून टाका, चालवायचा प्रयत्न करू नका. काही जण लायटरने कड वितळवतात, त्याने थर एकमेकांना जुळतात आणि रोल कायमचा बाद होतो.

रोल उभे ठेवा, खाली पुठ्ठा किंवा लाकडी पॅलेट, वेष्टण चढवायच्या वेळीच काढा. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेला उन्हाच्या बाजूला रोल ठेवलेत तर बाहेरचे थर मऊ होऊन एकमेकांना धरून बसतात, उलगडताना चर्र आवाज येतो आणि ताण एकसारखा राहत नाही. रात्रीच उद्याचे रोल आत, मशीनजवळ आणून ठेवायचे.

बेदाणाताई
भाऊ, माल बेदाणा म्हणालात म्हणून यात भर. खोकी १५ किलोची असतील तर टेन्शन वाढवून काही मिळत नाही, वरच्या थराच्या खोक्यांचे कोपरे दबतात आणि खालच्याचे फुगतात. माल धरून ठेवायला ताण हवा असतो तो फिल्मचा, मालाला आवळणं वेगळं. प्री-स्ट्रेच पूर्ण चालू असेल तर बाहेरचं टेन्शन कमी ठेवूनही फिल्म आकसून घट्ट बसते.

खालचे तीन फेरे पॅलेटच्या लाकडावर पाच-सात सेंटिमीटर उतरले पाहिजेत, नाहीतर खोकी एकमेकांना बांधलेली आणि पॅलेट सुटं. पण फोर्क जायच्या खाचेपर्यंत फिल्म नेऊ नका, पहिल्याच उचलीला फाटते. वरती फिल्म मालाच्या टोकावर दहा सेंटिमीटर गेली पाहिजे, ती आत दुमडून वरचा थर धरते. मालाची उंची ओळखणारा सेन्सर कॅरेजला वर लवकर थांबवत असेल तर खोक्यांचा रंग बघा. गडद छपाईच्या खोक्यांवर उजेड परत येत नाही, सेन्सरला माल दिसतच नाही. तेव्हा उंची आकड्याने सेट करा.

कोल्ड स्टोरेजला जाणारं पॅलेट असेल तर वर प्लॅस्टिक शीट टाकून बंद करू नका. गरम शेडमधून थंडीत गेलं की आतला ओलावा वर जमतो, तोच वरच्या खोक्यांत उतरतो. वरचं तोंड मोकळं ठेवा किंवा भोकांची फिल्म वापरा. आणि फिल्म कोल्डच्या आत गुंडाळायची नाही, थंड फिल्म कमी ताणते आणि कमी चिकटते. बाहेर गुंडाळून आत न्या.

कुपवाड_लाईन२
ताई, शीट टाकतच होतो. थांबवतो. आता तिसरा प्रश्न राहिला, फिल्म खरी की खोटी.

मिरज_मेकॅनिकल
वजनकाटा पुरतो, १ ग्रॅमचा असला तरी. फिल्म न ताणता बरोबर १० मीटर मोजून काढा. रुंदी ५०० मिमी, २३ मायक्रॉन, घनता साधारण ०.९२ धरली तर एका मीटरचं वजन १०.६ ग्रॅम, म्हणजे दहा मीटरचं १०६. काट्यावर ९२ आलं तर ती २० मायक्रॉन आहे, लेबलवर काहीही लिहिलेलं असो. मापताना फिल्म ओढली गेली तर वजन कमी येतं, म्हणून टेबलावर पसरून, दोघांनी.

दुसरं, रोलचं वजन कोअरसकट की निव्वळ, हे बिलावर लिहून घ्या. रिकामा कोअर एकदा वजन करा. जाड पुठ्ठ्याचा कोअर किलोभर सहज भरतो, आणि किलोच्या भावाने पुठ्ठा विकत घेण्यात काही अर्थ नाही.

निव्वळ १५ किलोच्या खऱ्या २३ मायक्रॉन रोलमध्ये १,४०० मीटरच्या थोडी वर फिल्म असते. तुमच्या पॅलेटचा घेर ४.४ मीटर. खाली ३, वर जाताना ५, वर ३, येताना ५, असे १६ फेरे धरले तर पॅलेटवर ७० मीटर. अडीचशे टक्के ताणली तर एका मीटरचे साडेतीन होतात, म्हणून रोलमधून २० मीटर, सव्वादोनशे ग्रॅमच्या आत. यापेक्षा खूप जास्त जात असेल तर प्री-स्ट्रेच चालत नाहीये.

तेही तपासा. रोलवर, रबरी रोलरच्या आधी, मार्करने १० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करा. पॅलेटवर त्या खुणांमधलं अंतर मोजा. ३५ आलं तर पूर्ण २५०. खूण करताना मशीन बंद.

कुपवाड_लाईन२
आजचे आकडे.

दहा मीटरचं वजन १०५ ग्रॅम, म्हणजे फिल्म खरी निघाली. खुणा १० च्या २१ झाल्या. रोल उलटा चढवलेला होता, पहिला मोकळा रोलर वगळलेला, दाराची पट्टी सैल, आणि वेगवान रोलरवर ब्लेडच्या सात रेघा. पट्टी बदलली, दोन्ही रोलर पुसले, रोल सुलटा केला, पुन्हा ओवली. खुणा ३३ वर आल्या. दुपारपासून ४२ पॅलेट, एकदाही तुटली नाही. टेन्शन आधीच्यापेक्षा कमी ठेवलंय, माल सैल नाही.

मिरज_मेकॅनिकल
२१ म्हणजे ११० टक्के, ३३ म्हणजे २३०. ७० मीटरला आधी ३३ मीटर फिल्म जात होती, आता २१. पॅलेटमागे सव्वाशे-एकशेतीस ग्रॅमचा फरक. दिवसाला ६० पॅलेट असतील तर रोज अर्धा रोल वाचला. ३५ ऐवजी ३३ ही थोडी घसरण त्या सात रेघांची. सीझन संपला की तेवढा रोलर रबर चढवायला काढा, तोवर चालेल.

अजिंक्यतारा
चिकट बाजूचं मान्य. आज तुकडा घेऊन दोन्ही प्रकारे चिकटवून पाहिलं, थर दोन्हीकडून धरतात.

आणखी एक, रोल संपत आला की जुन्या फिल्मच्या टोकाला नव्याची गाठ मारून ओढून घेतली तर ओवायचा वेळ वाचतो. हे चालतं ना?

रोलर_मास्तर
दार उघडून करणार असाल तर चालतं. दार बंद ठेवून गाठ रोलरमधून ओढली की ती रबरावर ठसा पाडते आणि कधीकधी तिथेच अडकून गुंडाळते. गाठ मारण्यापेक्षा दोन्ही टोकं हातभर एकमेकांवर सपाट चिकटवा, चिकट बाजूवर गुळगुळीत बाजू, आणि जॉगवर हळू पुढे घ्या. त्यासाठी जुना रोल पार संपू द्यायचा नाही. शेवटचे वेढे कोअरला डिंकाने चिकटवलेले असतात, ते ओढले गेले की फिल्म झटक्याने तुटते आणि ओवलेली सगळी फिल्म बाहेर येते. कोअरवर दोन-तीन मिलिमीटर थर शिल्लक असतानाच थांबा. ती उरलेली फिल्म टाकू नका, शेपट्या आणि सोललेल्या वेढ्यांबरोबर वेगळ्या गोणीत ठेवा. स्वच्छ, लेबल न चिकटलेली फिल्म भंगारवाला वेगळ्या भावाने घेतो, हळद लागलेली नाही.

कुपवाड_लाईन२
दोन-तीन मिलिमीटर म्हणजे अजून चारेक पॅलेटची फिल्म उरते की हो. तेवढी फेकायची?

रोलर_मास्तर
नाही. कोअरजवळ वेढा लहान असतो, तीस सेंटिमीटरच्या आत, बाहेरच्यासारखा ७० नाही. दोन मिलिमीटर म्हणजे पंचवीस-सव्वीस मीटर, एखादं पॅलेट. डिंकाचे शेवटचे चार वेढे सोडून तेवढी हाताने अर्धवट पॅलेटला वापरा.